आकड्यांना नाद: पावसाच्या नोंदी ऐकवायच्या तर नियम कुठला धरावा?

पागोळी

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एकच. हे दोन आकडे कानाला कसे ऐकवायचे, हा सध्या माझ्यापुढचा प्रश्न आहे. इथे तबला वाजवणारे, गाणं मनापासून ऐकणारे, कोडिंग करणारे असे सगळेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

आकड्यांचा आवाज करणं आता अवघड राहिलेलं नाही. १९५७ साली बेल लॅबच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ कडून सतरा सेकंदांची एक धून करून घेतली, तेव्हा आकडे एका ठिकाणी मोजायचे आणि त्यांची टेप दुसरीकडे नेऊन आवाजात बदलायची, असा खटाटोप होता. आज ब्राउझर उघडून चार ओळी लिहिल्या की पुरतं. नोंदींची फाइल वाचायची, प्रत्येक आकड्याला एक आवाज द्यायचा, ओळीने वाजवायचं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कुठल्या आकड्याला कुठला आवाज?

पहिला नियम सरळ प्रमाणाचा. शून्य मिलिमीटर म्हणजे मंद्र सा, ९४४ म्हणजे तिथून तीन सप्तकं वरचा सा, मधलं सगळं त्याच हिशेबात. या नियमाने कुलाब्याचे ७३ येतात कोमल गंधाराच्या किंचित खाली. आणि पावसाळ्यातला एरवीचा दहा मिलिमीटरचा दिवस? तो सा सोडून कोमल रेच्या निम्म्या वाटेपर्यंतही पोचत नाही. म्हणजे अख्खा मोसम एका सुरावर आणि मध्येच एक किंकाळी. आकडे सगळे बरोबर, पण मोसम ऐकूच आला नाही.

दुसरा नियम दुपटीचा. हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो पावसाचा दिवस धरतं. म्हणून अडीचला सा दिला आणि आकडा दुप्पट झाला की एक स्वर वर. पाचला रे, दहाला ग, वीसला म, चाळीसला प, ऐंशीला ध, एकशे साठला नी, तीनशे वीसला तार सा. आता रोजचा पाऊस छान हलतो, मोसमाची चढउतार लगेच कळते. पण कुलाब्याचे ७३ धैवताला टेकतात आणि सांताक्रूझचे ९४४ तार रे आणि तार ग यांच्या मध्ये. अंतर चार स्वरांचंही नाही! ज्या दिवशी मुंबई बुडाली तो दिवस या नियमात नुसता एक बरा वरचा सूर होऊन बसतो. मला हे पटत नाही.

तिसरा नियम मी सध्या धरलाय. इथे स्वर नाहीतच, ठोके आहेत. अडीच मिलिमीटरला एक ठोका, आणि एका दिवसाला बारा सेकंद. कुलाब्याचे होतात २९ ठोके, सेकंदाला अडीचच्या आतबाहेर, बोटांवर मोजता येतील असे. सांताक्रूझचे होतात ३७८, म्हणजे सेकंदाला साधारण साडेएकतीस. सेकंदाला वीसच्या आसपास गेलं की आपला कान सुटे ठोके ऐकणं सोडून देतो आणि त्यांचा एक जाड, खालचा सूर ऐकू लागतो. त्यामुळे कुलाब्याचा पाऊस मोजता येतो आणि सांताक्रूझचा मोजता येत नाही. त्या दिवसाबद्दल मला नेमकं हेच म्हणायचं होतं, आणि ते मी वरून काही न चढवता, एकाच नियमातून आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आकडे आपण होऊन गात नाहीत. नियम आपण निवडतो, आणि रचना तिथेच होते. म्हणून मैफिलीत राग-ताल आधी सांगतात तसा अशा रचनेचा नियम ऐकणाऱ्याला आधी सांगितलाच पाहिजे. 'निसर्गाचं संगीत ऐका' असं म्हणून नियम झाकून ठेवणाऱ्या चित्रफिती जालावर पुष्कळ फिरतात. त्यांतून ना निसर्ग कळतो ना संगीत.

तुम्हाला विचारायचं ते हे: ठोके समान अंतरावर ठेवू की विखरून? आवाज कशाचा घेऊ? आणि या नियमात तुम्हाला काय खटकतं?

धाधिंधिंधा

पागोळीताई, बारा सेकंद तुम्ही ठरवून घेतलेत का माहीत नाही, पण मिनिटाला ऐंशी मात्रांच्या मध्य लयीत तीनतालाचं एक आवर्तन बरोबर बारा सेकंदांचं होतं. एक दिवस म्हणजे एक आवर्तन. आणि हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणजे सम रोज साडेआठची. हे ठेवाच.

समान अंतर की विखुरलेले, हा फरक लहान नाही. समान अंतरावर ठेवलेत तर सोळा मात्रांत २९ ठोके ही कुणालाही हाताने न पेलणारी लयकारी होते, आणि ३७८ चा स्वच्छ सूर होतो. विखरून टाकलेत तर सूर होणारच नाही, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खरखरीत गोंगाट होईल. ग्रीक-फ्रेंच रचनाकार यानिस झेनाकिस यांनी पन्नाशीच्या दशकात संभाव्यतेचं गणित वापरून वाद्यवृंदासाठी अशाच हजारो सुट्या ध्वनींच्या ढगांच्या रचना केल्या, आणि गारांच्या आवाजाचा दाखला ते स्वतः देत. तुम्हाला 'मोजता येत नाही' हे म्हणायचंय तर दोन्ही चालतील. पण सूर झाला की तो सुंदर वाटू लागतो, गोंगाट झाला की भीती वाटते. मी असतो तर विखुरलेले घेतले असते.

आता थोडं माझ्या जिव्हाळ्याचं. संगीताच्या कोडिंगमध्ये युक्लिडचा एक नियम सर्रास वापरतात: इतक्या घरांत इतके ठोके जास्तीत जास्त समान वाटून द्या. गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ मध्ये दाखवलं की जगभरचे कितीतरी ठेके यातून निघतात. दहा घरांत चार ठोके टाकले की ३-२-३-२ मिळतं, ते एक गट (तीन घरं) फिरवून वाचलं की झपतालाचे विभाग, २-३-२-३. सात घरांत तीन टाकले की २-२-३, फिरवून वाचा, रूपक. हे पाहून पहिल्यांदा फार आनंद होतो.

पण ताल म्हणजे एवढंच नाही. खाली-भरी, म्हणजे तालाचा हलका आणि भरीव भाग, त्यात कुठे आहे? तीनतालात खाली नवव्या मात्रेला. म्हणून कोड लिहिणारे सरळ सांगतात की नऊ ते बारा मात्रांत बायां (डावा डग्गा) बंद करा. आणि ठेका चुकतो. प्रत्यक्षात 'धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा'. नवव्या मात्रेला धा आहे! बायां बंद आहे तो दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत. हात नवव्या मात्रेला खाली दाखवतो आणि कान ती एक मात्रा उशिरा ऐकतो. हा एका मात्रेचा सरकाव म्हणजे तीनतालाचा जीव आहे, आणि तो विभागांच्या आकड्यांत दिसत नाही, बोलांत दिसतो.

श्रवणभक्त

पागोळी, लिहिलं आहेस मनापासून, म्हणून मीही मनापासून लिहितो. मला यातलं कोडिंग कळत नाही, पण 'संगीत' हा शब्द खटकतो. अडीचला सा, पाचला रे असं केलंस की स्वर मिळाले, पण राग नाही मिळाला. रागाला चलन असतं, न्यासाच्या, म्हणजे थांबायच्या, जागा असतात, एका स्वरावर कसं यायचं आणि कुठून यायचं याची शिस्त असते. यमनात आपण गंधारावर थांबतो ते त्या दिवशी दहा मिलिमीटर पाऊस पडला म्हणून नव्हे. तुझ्या आकड्यांना थांबायचं कुठे हे ठाऊक नाही. तू जे करतेस ते ऐकण्यासारखं असेल, उपयोगाचंही असेल. त्याला नाद म्हण, संगीत म्हणू नको.

पागोळी

काका, रागाबद्दलचं सगळं मान्य. म्हणूनच मी स्वर सोडून ठोक्यांकडे वळले. पावसाच्या आकड्यांना मल्हाराचे स्वर लावा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी ते मुद्दाम टाळतेय. मल्हाराचे स्वर ऐकले की आपण मल्हार आठवून सुखावतो, मग खाली आकडे कुठलेही असोत, लॉटरीचे असले तरी ते पावसाळी वाटतील. तिथे काम राग करतो, आकडे नाही.

पण 'संगीत म्हणू नको' इथे मी थांबते. नियम निवडणं, आवाज निवडणं, कुठला दिवस कुठल्या दिवसासमोर ठेवायचा ते ठरवणं, हे सगळं मी कानाने करतेय. आकडे मला फक्त लांबी-रुंदी देतात.

धाधिंधिंधा, विखुरलेले ठोके घेतले. तुम्ही म्हणता ते ऐकताक्षणी पटलं. समान अंतराचा ९४४ चक्क गोड लागत होता, आणि तो दिवस गोड नव्हता.

ओटीतला_डॉक्टर

मी भूलतज्ज्ञ आहे. तुमचा हा विषय आमच्याकडे रोजच्या कामाचा भाग आहे, फक्त त्याला कुणी संगीत म्हणत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला असतो. त्याची टिकटिक सगळ्यांनी सिनेमात ऐकली आहे. त्या टिकटिकीत दोन आकडे एकदम असतात. ठोक्यांची गती म्हणजे नाडी. आणि ठोक्याचा सूर म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. प्रमाण उतरायला लागलं की सूर उतरतो. माझी नजर औषधाच्या सिरिंजवर असते, सर्जनची जखमेवर, पडद्याकडे कुणीच बघत नसतं, आणि तरी सूर दोन पायऱ्या उतरला की खोलीतली सगळी माणसं एकाच वेळी मान वर करतात. कुणी काही बोलायच्या आत.

पागोळींच्या 'नियम आधी सांगा' या मुद्द्याला आमच्याकडून पाठिंबा. सूर किती उतरवायचा हे सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत सारखं नसतं. एका यंत्राला सरावलेला कान दुसऱ्या यंत्रावर गेला की सूर उतरलाय एवढं कळतं, नेमका कुठवर आलाय ते कळायला पडद्याकडे बघावं लागतं. माझा निवासी डॉक्टरांना सल्ला असतो की नव्या थिएटरमध्ये गेलात की आधी त्या यंत्राचा सूर कानात बसवून घ्या.

मेरुप्रस्तार

आकड्यातून स्वरावली काढायचा नियम आपल्याकडे किती जुना आहे, ते इथे यायलाच हवं.

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा अधिकारी होता. 'संगीतरत्नाकर' त्याचा. त्यात कूटतानांचा भाग आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच, तर किती ताना? ५०४०. शार्ङ्गदेव त्या नुसत्या मोजून थांबत नाही. त्या कुठल्या क्रमाने मांडायच्या ते ठरवतो, मग दोन प्रश्न सोडवतो. क्रमांक दिला तर तान कुठली? याला नष्ट म्हणतात. तान दिली तर तिचा क्रमांक काय? हे उद्दिष्ट. आणि दोन्हींसाठी खंडमेरू नावाचा एक तक्ता देतो, म्हणजे ५०४० ओळी लिहीत बसायला नको.

तीन स्वरांचा प्रस्तार, म्हणजे सगळ्या क्रमांची मांडणी, पाहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. पहिल्या दोन तानांचा शेवट ग वर, पुढच्या दोनांचा रे वर, शेवटच्या दोनांचा सा वर. म्हणजे गट शेवटच्या स्वरावरून पडतात, वरच्या स्वरापासून खाली. सात स्वरांतही हेच: ७२०-७२० चे सात गट, शेवटी नी, मग ध, मग प असे.

हजारावी तान काढू या. हजारातून एक वजा, ९९९. ७२० चा एक पूर्ण गट गेला, उरले २७९. एक गट ओलांडला म्हणून शेवटचा स्वर वरून दुसरा, ध. उरलेल्या सहा स्वरांत गट १२० चे: दोन गेले, उरले ३९, वरून तिसरा म. मग २४ चे: एक गेला, उरले १५, वरून दुसरा प. मग सहाचे: दोन गेले, उरले ३, वरून तिसरा रे. मग दोनाचे: एक गेला, उरला १, वरून दुसरा ग. मग सा, आणि उरला नी. हे आपण शेवटून पुढे आलो, सरळ वाचलं तर: नी सा ग रे प म ध.

गाऊन बघा. चांगली गळ्यात बसते.

हा शंभर टक्के प्रोग्रॅम आहे. कुठलाही दिवसाचा आकडा द्या, एक तान हजर. आणि श्रवणभक्त काकांचा आक्षेप शार्ङ्गदेवालाही ठाऊक होता असं मला वाटतं. कारण कूटताना त्याने स्वराध्यायात, कच्च्या मालात ठेवल्या आहेत, आणि रागांसाठी पुढे वेगळा अध्याय केला आहे.

मात्रांचंही असंच. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आठ मात्रा भरायच्या तर किती प्रकार? ३४. सात मात्रांचे २१, सहाचे १३. प्रत्येक संख्या आधीच्या दोनांची बेरीज. हा हिशेब विरहांकाने मांडला आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने, इटलीतल्या फिबोनाचीच्या आधी. छंदात बसणारे शब्द शोधणाऱ्यांना तो लागत होता.

श्रवणभक्त

मेरुप्रस्तार, नी सा ग रे प म ध गाऊन पाहिली. 'प म ध' वर गळा आपोआप रेंगाळतो. कच्चा माल हा शब्द योग्य.

एक तान देतो, तिचा क्रमांक सांगा: म प ध नी सा रे ग.

मेरुप्रस्तार

काका, ३४५७. शेवटचा ग, त्याच्या वर चार स्वर, म्हणून ७२० चे चार गट, २८८०. रेच्या वर उरलेले चार, १२० चे चार, ४८०. साच्या वर चार, २४ चे चार, ९६. पुढे म प ध नी सरळ क्रमातच आहेत, तिथे शून्य. बेरीज ३४५६, अधिक एक.

कोरी_पाटी

हे सगळं वाचून करून बघावंसं वाटतंय. कुठून सुरुवात करू? प्रोग्रॅमिंग कॉलेजात थोडं केलं होतं. आणि पावसाच्या नोंदी मिळतात कुठे?

पागोळी

स्ट्रुडेल या संगीत कोडिंगच्या साधनापासून सुरू कर. ब्राउझरमध्येच चालतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही, आणि वाजत असतानाच ओळ बदलता येते. त्यात अवतरणचिन्हांत चार बोल लिहिले की ते एका आवर्तनात समान वाटले जातात. त्यातले दोन चौकटी कंसात टाकले की दोघं मिळून एकाची जागा घेतात. 'धा [धिं धिं] धा' असं लिहून तिस्र (तीन भागांची लय) आणि दुगुन (दुप्पट लय) लगेच हाताखाली येतात. बोलांच्या आवाजाच्या फाइली मात्र आपल्या आपण चढवाव्या लागतात. लहान मुलांना शिकवायचं असेल तर सॅम ॲरन यांचं सॉनिक पाय. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटामध्ये कोड लिहायचाच नसतो, चौकटी तारांनी जोडायच्या असतात. आवाज मुळापासून स्वतः घडवायचा असेल तर सुपरकोलायडर, पण त्याला वेळ दे.

सगळी सॉफ्टवेअर सप्तकाच्या बारा समान भागांवर चालू होतात, हे लक्षात ठेव. सा २४० धरला तर शुद्ध गंधार ३०० यायला हवा, ती देतात ३०२.४. तानपुऱ्यासोबत लावलंस तर तो गंधार कानाला चढा लागतो. स्वरांऐवजी सरळ कंपनसंख्या लिही: २४०, २७०, ३००, ३२०, ३६०, ४००, ४५०. सगळे पूर्णांक आहेत, पाठ होतात.

नोंदींसाठी पुण्याच्या हवामान विभागाची चौकटवार आकडेवारी १९०१ पासूनची फुकट मिळते. फक्त एक जप. त्यातली एक चौकट पाव अंशाची, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरची. सांताक्रूझ आणि कुलाबा इतक्या जवळ आहेत की चौकटीच्या सरासरीत ९४४ आणि ७३ एकमेकांत मिसळतात आणि आपली सगळी गोष्टच पुसली जाते. जिथे जवळजवळच्या दोन जागांतला फरक ऐकवायचाय तिथे केंद्रावरचीच नोंद हवी.

ओवीसंग्रह

कोरी_पाटी, त्या चौकटी कंसांच्या लिपीमागे लखनौचा तबला आहे, आणि पुढे वाट पुण्याकडे येते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हे ब्रिटिश अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायदा ही तबल्यातली ठरीव रचना; तिचे पलटे, म्हणजे बोल फिरवून केलेले प्रकार, कुठले चालतात, कुठले नाही, याचं व्याकरण लिहिता येईल का, हा त्यांचा प्रश्न. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यासाठी बोल प्रोसेसर लिहिला. यंत्राने पलटे करायचे, उस्तादांनी ऐकून हो-नाही म्हणायचं, त्यावरून व्याकरण सुधारायचं. नियम करणारे अभ्यासक, पण निकाल देणारा कान उस्तादांचा. मला यातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. पुढे ॲलेक्स मॅक्लीन यांनी टायडल हे संगीत कोडिंगचं सॉफ्टवेअर केलं तेव्हा त्याच्या लिपीसाठी बेल यांच्या कामाचा आधार घेतला, आणि स्ट्रुडेल हे टायडलचंच ब्राउझरमधलं रूप.

हेच बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्यासोबत जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात आले. खेडोपाडीच्या बायकांकडून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या, त्यांची संगणकीय मांडणी बेल यांनी केली. आज तो संग्रह 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर खुला आहे, आवाजासकट. पागोळी, तू पावसाचा आवाज शोधते आहेस म्हणून सुचवते: त्या ध्वनिफिती ऐक. जात्याच्या फेऱ्याची लय आणि ओवीची लय नेहमी एकमेकींवर बसत नाहीत, आणि म्हणणाऱ्या बाईला त्याची काही अडचण होत नाही.

खोडदफाटा

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. आमच्या भागातल्या शाळेच्या मुलांना विज्ञान दिनाला तिकडे नेतो. तिथे अभ्यासले जाणारे पल्सार म्हणजे फिरणारे मृत तारे, दर फेरीला रेडिओ लहरींचा एक झोत. लहरी रेडिओच्या, आवाज नव्हे; पण झोताची तीव्रता स्पीकरला दिली की ठोका ऐकू येतो. इथे गतीही बदलावी लागत नाही.

मुलांना मी क्रमाने ऐकवतो. बी०३२९+५४ हा मिनिटाला ८४ ठोके देतो, म्हणजे धाधिंधिंधा यांच्या मध्य लयीच्या किंचित पुढे. वेला पल्सारचा सेकंदाला अकरा. क्रॅबचा सेकंदाला तीस. पागोळींचं सांताक्रूझ साडेएकतीस, बरोबर तिथेच, ठोका संपून सूर सुरू होतो त्या उंबरठ्यावर! आणि १९८२ मध्ये सापडलेला बी१९३७+२१, सेकंदाला ६४२. तो निखळ सूर आहे. सा २४० धरला तर तार शुद्ध मध्यम ६४० ला, त्याला जवळपास चिकटून. हा पल्सार शोधणाऱ्या चमूत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते विद्यार्थी होते. हे सांगितलं की मुलं ताठ बसतात.

आकड्यांत फेरफार किती केला यावरूनही फरक करायला हवा. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो वेधशाळेने पकडलेली गुरुत्वीय लहर पाचव्या हिश्श्याच्या सेकंदात ३५ वरून २५० कंपनांपर्यंत चढली. ती तशीच कानाच्या टप्प्यात आहे. (हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ भारताची लायगो होते आहे.) उलट नासाने २०२२ मध्ये ऐकवलेला पर्सियस दीर्घिकासमूहातल्या कृष्णविवराभोवतीचा आवाज ५७-५८ सप्तकं वर चढवलेला आहे. दोन्ही खरे, पण ऐकणाऱ्याला फरक कळायलाच हवा. पागोळींशी मी शंभर टक्के सहमत.

स्पर्शवाचक

मला दिसत नाही. हा धागा स्क्रीन रीडरवर वाचतेय, आणि तुमच्यासाठी जे संगीत की नाद आहे ते माझ्यासाठी आलेख आहे.

जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस रीडरने एकेक ओळ वाचून दाखवले तर शेवटी माझ्या हातात १२२ आकडे असतात, मोसमाचा आकार नसतो. तुम्ही एका नजरेत जो चढ पाहता तो मला ऐकूनच मिळू शकतो. पोर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा डियाझ-मर्सेड यांनी दृष्टी गेल्यावर ताऱ्यांच्या नोंदी ऐकून संशोधन चालू ठेवलं. डेस्मॉस या आलेख काढायच्या संकेतस्थळावर मी फलनाचा आलेख ऐकते. आयफोनमध्येही २०२१ पासून ही सोय आहे.

पागोळी, काही सूचना. तुमचा पूर्ण मोसम चोवीस मिनिटांवर जातो. मला आधी मिनिटभरात सगळा मोसम हवा, मग हवा तो आठवडा सावकाश. दुसरं, एक ओळखीचा संदर्भ आवाज सतत राहू द्या, नाहीतर आपण कुठे आहोत ते हरवतं. तिसरं, सांताक्रूझ डाव्या कानात आणि कुलाबा उजव्या कानात एकाच वेळी वाजवा. एकामागून एक ऐकलं तर पहिला आठवणीत पुसट होतो. एकदम ऐकलं तर तुलना करावीच लागत नाही.

पागोळी

तिन्ही सूचना घेतल्या. दोन कानांची तर आजच करून ऐकली. डावीकडे गोंगाट आणि उजवीकडे सुटे ठोके एकदम आले की काही समजावून सांगायला लागत नाही.

मिनिटभराच्या मोसमात एक गोष्ट लक्षात आली. दिवसाला अर्धा सेकंद दिला तर ठोक्यांचा नियम मोडतो. वीस मिलिमीटरचा साधा दिवसही सेकंदाला सोळावर जातो, चाळीसचा तर गोंगाटच होतो. तेव्हा झटपट ऐकायला दुपटीचा स्वरांचा नियम आणि सावकाश ऐकायला ठोक्यांचा. नियम गतीवरही ठरतो. दोन्ही आवृत्त्यांच्या आधी माझ्या आवाजात नियम सांगेन.

माणदेशी

तुमचं सगळं मुंबईच्या पावसावर चाललंय. आमच्याकडे म्हसवडला हाच नियम लावला तर जून-जुलै म्हणजे रिकामी आवर्तनं. ते ठीक आहे, पावसाचा खंड तसाच असतो, कुणीतरी तो पुरा ऐकावाच. पण दोन अडचणी आहेत.

एक, अडीचच्या खालचं तुम्ही टाकून देता. दोन मिलिमीटरची भुरभुर तुमच्याकडे कुणाच्या लक्षात राहत नसेल, आमच्याकडे तारखेसकट लक्षात राहते.

दुसरी मोठी. पाऊस शून्य पडला तो दिवस, आणि पर्जन्यमापक बंद होता म्हणून नोंदच नाही तो दिवस, तुमच्या रचनेत दोन्ही सारखेच गप्प. कागदावर निदान एका ठिकाणी ० असतो आणि दुसरीकडे मोकळी जागा. दुष्काळ ठरतो तेव्हा या दोन्हींतल्या फरकावर माणसं भांडलेली आहेत.

पागोळी

दादा, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

स्पर्शवाचक यांनी संदर्भ आवाज मागितला होता, तिथेच याचं उत्तर आहे. तानपुरा. पर्जन्यमापक चालू आहे तोवर तानपुरा चालू. शून्य पावसाचा दिवस म्हणजे बारा सेकंद नुसता तानपुरा. नोंद नसेल त्या दिवशी तानपुरासुद्धा बंद. कुणाचाही कान हे चुकवणार नाही. आणि अडीचच्या आतल्या पावसाला एक वेगळा, हलका ठोका देते. पाव मिलिमीटर असो की दोन, एकच.

धाधिंधिंधा

त्याला किनारीवरचा ना द्या, एका बोटाचा, बायां अजिबात नको. मोठ्या ठोक्यांना बायांचा घुमारा ठेवला की दोन्ही कधीच मिसळणार नाहीत. या रविवारी दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवतो, वेगवेगळ्या जोराचे, म्हणजे विखुरलेले ठोके एकाच छापाचे वाटणार नाहीत.

माणदेशी

तानपुऱ्याचं पटलं. तालुक्याच्या मंडळनिहाय रोजच्या नोंदी मी मिळवतो, मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवून, कुणी शून्य भरलेलं नसेल अशा. एक करा: म्हसवड एका कानात आणि महाबळेश्वर दुसऱ्या कानात. दोन्ही साताऱ्यातच आहेत. एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे, दुसरीकडे पाचशेच्या आतबाहेर.

पागोळी

हिशेब केला. महाबळेश्वरला ३०० मिलिमीटरचा दिवस आला तरी १२० ठोके होतात, सेकंदाला दहा. ते अजून ठोकेच राहतात. म्हणजे तुमच्या जोडीलाही हाच नियम चालेल, बदलायची गरज नाही. नोंदी आल्या की जुलै आधी घेऊ.